दुसरा सीमाप्रश्न

बेळगाव, निपाणी, कारवार कुणाचं, हा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्या भागात आणखी एक हद्द वादात आहे: देऊळ कुठं संपतं आणि सरकार कुठं सुरू होतं. तिच्यासाठी मात्र ना मोर्चा, ना काळा दिन.

ऑगस्ट २०२१ मध्ये निपाणीच्या आमदार शशिकला जोल्ले यांच्याकडं कर्नाटक सरकारातली मुजराई (म्हणजे देवस्थानं), हज आणि वक्फ ही खाती आली. देऊळ, दर्गा आणि हजयात्रा, सगळं एकाच टेबलावर. राजानं प्रजेचा जीव आणि मालमत्ता सांभाळावी, आत्म्याचं ज्याचं त्यानं बघावं, असं जॉन लॉकनं १६८९ मध्ये छापलं होतं. त्याला मुजराई खातं कुठून ठाऊक असणार!

त्याच दिवाळीत पाडव्याला मुजराईच्या देवळांत गोपूजा करा, असा सरकारी हुकूम निघाला. गाय ओवाळायला आमच्या आयाबायांना आजवर परिपत्रक लागलं नव्हतं. पुढच्या वर्षी सरकारनं काही देवळांतल्या ‘सलाम आरती’चं नाव बदललं. देवानं तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून सरकारनं देवळाची पायरीच चढू नये, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला पोरी सोडायची चाल काही पुजाऱ्यांच्या सद्‍बुद्धीनं थांबणार नव्हती. त्यासाठी कर्नाटकाला १९८२ मध्ये कायदा करावा लागला. घटनेचं २५ वं कलम तेच सांगतं: देवस्थानाचा पैसा-व्यवहार बघा, समाजसुधारणेसाठी कायदा करा. हुंडी मोजायला अधिकारी बसला तर खुशाल बसू द्या. त्यात कोल्हापूरकरांचाही पैसा असतो, आणि तिथं आजवर कुणी सीमावाद काढलेला नाही. पण आरती कोणती आणि पूजा कधी, हे त्यानं सांगू नये.

बरं, ओढाओढ एका बाजूनंच आहे असंही नाही. १० डिसेंबर २०२४ ला पंचमसाली समाजाला मागासवर्गाच्या २ए गटात आरक्षण द्या म्हणून त्यांचे मठाधीश जयमृत्युंजय स्वामी मोर्चा घेऊन बेळगावच्या सुवर्ण विधानसौधवर गेले आणि लाठ्या बरसल्या. मागणी रास्त की गैर, ते आयोगानं ठरवावं. पण मठानंच जातीचं वकीलपत्र घेतल्यावर, सरकार मठात का शिरतं हे मठानं कुठल्या तोंडानं विचारायचं?

महाराष्ट्रातल्या भाऊबंदांनी हसू नये. पंढरपूरचं देऊळ १९७३ च्या कायद्यानं सरकारी समितीकडं आहे, आणि आषाढीला विठ्ठलाची महापूजा कोण करणार, हे विधानसभेतलं बहुमत ठरवतं.

आता आमच्याकडच्या देवळांच्या मुक्तीचं बघा. २०२४ मध्ये कर्नाटकातल्या काँग्रेस सरकारनं एक कोटीवर उत्पन्न असलेल्या देवळांकडून दहा टक्के सामायिक निधीत घ्यायचं विधेयक आणलं. भाजपनं ‘देवळं लुटली’ म्हणून गदारोळ केला. हा निधी भाजपच्या राजवटीतही होताच. आणि डिसेंबर २०२१ मध्ये भाजपचेच मुख्यमंत्री बोम्मई यांनी हुबळीत, देवळं सरकारी ताब्यातून सोडवायला कायदा आणतो, असं जाहीर केलं होतं. तेव्हा मुजराईची किल्ली आमच्या निपाणीतच होती. मे २०२३ मध्ये सत्ता जाईपर्यंत कुलूप काढायला काही मुहूर्त सापडला नाही. गोपूजेचा तेवढा सापडला होता.