दोघांचा दक्षिण दिग्विजय

मराठी माणूस दक्षिणेत दोन प्रकारे जातो. पहिला प्रकार टूर कंपनीबरोबर. मग कन्याकुमारीलाही सकाळी पोहे आणि रात्री पिठलं मिळतं, सूर्योदयाला 'चला, आटपा' म्हणणारा मॅनेजरही मराठीच असतो आणि परत आल्यावर माणूस सांगतो, की दक्षिणेकडची देवळं फार स्वच्छ असतात. दुसरा प्रकार इतिहासाबरोबर जाण्याचा. माझा मित्र भाल्या या दुसऱ्या प्रकारातला. टूर कंपनीचं नाव काढताच तो उसळला. "१६७७ साली महाराज दक्षिणेत उतरले ते काय नाश्ता-जेवण धरून?"

भाल्याचा सिद्धांत साधा आहे. कृष्णेपलीकडे जे जे चांगलं आहे, त्यात मराठ्यांचा हात आहे. जिथे तो दिसत नाही, तिथे मराठ्यांना पोचायला वेळ मिळाला नाही, एवढंच. हा सिद्धांत जागेवर जाऊन पडताळायचा, म्हणून ही मोहीम. मोहिमेत त्याच्याकडे नेतृत्व होतं. माझ्याकडे तिकिटं, पाण्याच्या बाटल्या आणि ऐकण्याचं काम.

निघताना त्याने दशम्या, लसणाची चटणी आणि चिवडा एवढी रसद बांधली होती. शत्रूच्या मुलखात रसद तुटली की फौज कोसळते, असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्षात दशम्या सोलापूरच्या आत संपल्या. सकाळी डब्यात गरम इडली-वडा आला, तेव्हा सेनापतींनीच आधी हात पुढे केला आणि वर मला बजावलं, "हे शत्रूचं अन्न तपासून पाहणं आहे."

चेन्नईच्या बसस्टँडवर पहिली चकमक झाली. बसच्या पाट्या तमिळमध्ये. ती अक्षरं इतकी गोल आणि गोंडस, की बस कुठे जाते हे कळलं नाही तरी पाटीकडे बघत राहावंसं वाटतं. "हिंदी सगळ्यांना येते, फक्त दाखवत नाहीत," असं म्हणून भाल्याने एका कंडक्टरला हिंदीत जिंजीची बस विचारली. उत्तर तमिळमध्ये आलं. भाल्याने तोच प्रश्न वरच्या पट्टीत विचारला, उत्तरही वरच्या पट्टीत आलं. दोघांचीही बाजू भक्कम होती. जिंजीला तिकडे सेंजी म्हणतात हे उमगेपर्यंत तिरुवण्णामलैकडे जाणारी, म्हणजे आमचीच बस, निघून गेली.

पुढच्या बसचा कंडक्टर वेगळ्या घडणीचा होता. तो तोंडाने फारसं बोलतच नव्हता. त्याच्या ओठांत शिट्टी होती आणि गाडी थांबवणं, सोडणं, ड्रायव्हरला झापणं हे सगळं तो शिट्टीतूनच उरकत होता. आम्हाला त्याने तिकीट दिलं, खिडकीजवळ बसवलं आणि मागे वळून अख्ख्या बसला काहीतरी सांगितलं. ते काय, हे तिंडिवनम मागे पडल्यावर कळलं. सेंजी जवळ येताच पुढची आजी, मागचा कॉलेजचा पोरगा आणि शेजारचा कोंबडीवाला असे सगळे एकदम आमच्याकडे वळून 'सेंजी! सेंजी!' म्हणू लागले. कुणी आमची पिशवी उचलली, कुणी भाल्याला दंडाला धरून उठवलं. शत्रूच्या मुलखात सेनापतीला इतक्या मायेने कुणी उतरवून घेतलं असेल, असं मला वाटत नाही.

जिंजीचा किल्ला पाहिला आणि भाल्याचा आवाज बसला. आधी भक्तीने, मग चढाने. तीन डोंगर आणि त्यांना गुंफणारी तटबंदी. डोंगरही असे, की कुणी राक्षसाने रागाच्या भरात मोठमोठे धोंडे एकावर एक रचून ठेवावेत. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना २०२५ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांतला महाराष्ट्राबाहेरचा हा एकटाच. महाराजांनी तो घेतला १६७७ साली आणि पुढे रायगड पडायची वेळ आली तेव्हा राजाराम महाराज इथेच येऊन राहिले. झुल्फिकारखान वेढा घालून बसला, किल्ला हाती यायला १६९८ उजाडलं. जवळजवळ आठ वर्षं! हे सगळं भाल्या मला राजगिरीच्या पायऱ्यांवर धापा टाकत सांगत होता. त्याने 'आठ' म्हणायला आणि एका माकडाने त्याच्या हातातली चिवड्याची पिशवी न्यायला एकच गाठ पडली. झुल्फिकारखानाला आठ वर्षं लागली होती. माकडाने वेढा वगैरे काही घातला नाही.

रसद तुटलेला सेनापती सावलीत बसला. तिथे एक पहारेकरी होता. त्याला मोडकं-तोडकं इंग्रजी येत होतं. भाल्याने विचारलं, "या किल्ल्याचा राजा कोण?" आता राजारामांचं नाव निघणार म्हणून त्याने मला कोपराने ढोसलं सुद्धा. पहारेकऱ्याचा चेहरा उजळला. "राजा देसिंग!" तो म्हणाला, आणि मग घोड्यावर बसल्याचा अभिनय करून त्याने एक संपूर्ण लढाई आम्हाला दाखवली. हा देसिंग, म्हणजे तेजसिंह, बुंदेला राजपूत. अर्काटच्या नवाबाशी लढताना १७१४ साली ऐन तारुण्यात पडला. त्याचे पोवाडे तमिळ मुलखात अजून गातात. "म्हणजे बुंदेलखंडातून आलेल्या पोराला यांनी आपला म्हटलं?" भाल्या खाली उतरेपर्यंत हेच घोकत होता. त्याच्या सिद्धांतात बुंदेल्यांसाठी जागा ठेवलेली नव्हती.

किल्ल्यावरून उतरलेल्या माणसाला तमिळ जेवणासारखं दुसरं औषध नाही. दाराशी 'मील्स रेडी' अशी पाटी. आत गेलं की समोर केळीचं पान येतं, आणि ते पाणी शिंपडून पुसायचं एवढंच काम आपल्याकडे उरतं. बाकी सारं वाढप्याच्या हातात. आपल्याकडे जेवायला बसलं की आधी चर्चा होते, मग मेनू कार्ड, मग 'तिखट किती आहे?', मग 'हाफ मिळेल का?' तिथे कुणी काही विचारतच नाही. भाताचा डोंगर पडतो, त्यात खळगा करायचा, सांबार येतं. पुन्हा भात, पुन्हा खळगा, रसम येतं. मग ताक किंवा दही. पोळीची वाट पाहणाऱ्या भाल्याला दुसऱ्या भाताच्या वेळी सत्य उमगलं. "म्हणजे भातानंतर भात?" तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, "आणि त्यानंतरही भातच."

पण पंचाईत झाली ती सांबारावरून. सांबार हे मूळचं आपलंच, ही भाल्याच्या सिद्धांताची मेढ. तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात आमटीत घालायला आमसुलं नव्हती, म्हणून चिंच घातली आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांचं नाव त्या आमटीला दिलं, अशी आख्यायिका आहे. तिला कागदोपत्री आधार कुणी दाखवलेला नाही, पण भाल्या कागदावर कधीच अडत नाही. त्याने वाढप्याला हाताने थांबवलं, बादलीकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "सांबार... अवर! मराठा!" वाढप्याने क्षणभर विचार केला. पाहुण्याचं सांबारावर मनापासून प्रेम आहे, एवढा अर्थ त्याने लावला आणि एक पळी वाढली. "नो, नो! हिस्टरी!" भाल्या म्हणाला. दुसरी पळी आली. भाल्याने संभाजी, आमसूल आणि चिंच हे सगळं हातवाऱ्यांनी समजावलं, तेव्हा वाढप्याने आणखी भात आणून त्याला खळगा पाडून दिला आणि तो भरला. शेवटी शेजारच्या पानावरच्या गृहस्थांनी खूण केली, की पान आपल्याकडे दुमडा, त्याशिवाय हा थांबणार नाही. भाल्याने पान दुमडलं. त्याच्या आयुष्यातली ही पहिली शरणागती. वाढप्या मात्र इतकं गोड हसला, की हक्काचा दावा दुसऱ्या दिवसावर ढकलावा लागला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या गावी, हेच. दाव्याचं उत्तर दर वेळी पळीने मिळालं.

तंजावरला मात्र भाल्याची कॉलर ताठ झाली. एकोजी राजांपासून १८५५ पर्यंत, सुमारे एकशे ऐंशी वर्षं इथे भोसल्यांचं राज्य. बृहदीश्वराचं देऊळ त्याहून कितीतरी जुनं, राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पुरं केलेलं. दोनशे फुटांहून उंच विमान, तेही ग्रॅनाइटचं, आणि आजूबाजूला त्या दगडाची खाणसुद्धा नाही. त्या विमानाची सावली दुपारी जमिनीवर पडत नाही, अशी एक दंतकथा आहे. ती तपासायला आम्ही भर बाराला अनवाणी उभे राहिलो. सावली पडते. ती आम्हाला चांगली दिसली, कारण तापलेल्या फरशीवरून पळत जाऊन आम्ही तिच्यातच उभे राहिलो होतो.

आणि मग तो शिलालेख. सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा सगळा इतिहास १८०३ साली या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून ठेवला आहे. ओळीवर ओळ, भिंतच्या भिंत. सतत तमिळ ऐकून आणि सांबार खाऊन मवाळ झालेल्या भाल्याला अचानक देवनागरी दिसली. त्याचा गळा दाटून आला. तो मोठ्याने वाचू लागला. शाळेच्या सहलीची पोरं भोवती गोळा झाली. हा मंत्र आहे असं समजून त्यांतल्या दोघींनी हात जोडले. भाल्याने वाचन आणखी सुरात केलं. वेलीसारख्या चालणाऱ्या त्या जुन्या मराठीत तो एका ठिकाणी असा अडकला, की कर्ता मागच्या ओळीत राहिला आणि क्रियापद काही केल्या सापडेना. पोरं तोवर कंटाळून नंदीकडे गेली.

सरस्वती महाल ग्रंथालयात सरफोजी राजांची कर्तबगारी पाहिली, आणि मला खरोखर वाटलं की या माणसाला भेटायला हवं होतं. हजारो हस्तलिखितं जमवलेली, मोडीतले कागद जपलेले, आणि डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट करून ठेवलेल्या. भाल्या तिथल्या एका वृद्ध गृहस्थांशी बोलत होता. बोलता बोलता ते चक्क मराठीत शिरले. तमिळ चालीवर हेलकावणारी, जुनी, घरात जपलेली मराठी. भाल्याला ब्रह्मानंद झाला.

"तुमचं मूळ गाव कोणतं हो?" त्याने विचारलं.

"तंजावूर."

"तसं नव्हे. मूळ, मूळ?"

"तंजावूर," गृहस्थ शांतपणे म्हणाले.

"अहो, पण त्याआधी? सातारा, पुणे..."

"त्याआधीचं आजोबांनासुद्धा ठाऊक नव्हतं." मग त्यांनी भाल्याकडे कौतुकाने पाहिलं. "तुम्ही फार छान मराठी बोलता. कुठे शिकलात?"

मी पटकन खिडकीबाहेर पाहू लागलो. सदाशिव पेठेत जन्मलेल्या माणसाला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. बाहेर पडल्यावर भाल्याने कॉफी मागवली. पितळी डबऱ्यातून पेल्यात, पेल्यातून डबऱ्यात अशी ती ओतत तो बराच वेळ काही बोलला नाही.

मदुराईला मीनाक्षीच्या देवळाने दुपारी आमच्या तोंडावर दार लावलं. तिथे देवसुद्धा दुपारी विश्रांती घेतात, आणि भाल्यासारख्या पुणेकराला याचं आश्चर्य वाटावं हेच आश्चर्य. सायंकाळी आत गेल्यावर त्याने हजार खांबांच्या मंडपात खांब मोजायला घेतले. ते हजार नाहीत, ९८५ आहेत. पंधरांचा हिशेब तो कन्याकुमारीपर्यंत मागत होता. कन्याकुमारीला विवेकानंद शिलास्मारक हे एकनाथ रानडे या वऱ्हाडात जन्मलेल्या माणसाच्या जिद्दीने १९७० साली उभं राहिलं, हे कळताच हिशेब फिटला आणि फौज पुन्हा जोमात आली. त्या जोमात आम्ही तिरुवनंतपुरमला, पद्मनाभस्वामींच्या दारात पोचलो.

तिथे नियम असा, की पुरुषांनी मुंडू नेसून, उघड्या अंगाने आत जायचं. शर्ट, पँट, फोन, सगळं बाहेर. मुंडू म्हणजे काष्टा नाही, नाडी नाही, गाठ नाही. कमरेशी एक मुरड, आणि पुढचं देवावर. तिथले पुरुष ती मुरड घालून पळत बस पकडतात, पायाच्या एका झटक्याने मुंडू उचलून गुडघ्यावर बांधतात. भाल्याने दुकानदाराकडून तीनदा ती मुरड घालून घेतली आणि तरी दोन्ही हातांनी कंबर घट्ट धरून ठेवली. आत अनंतशायी पद्मनाभ तीन दारांतून दिसतो. एकातून मुख, दुसऱ्यातून नाभी, तिसऱ्यातून चरण. मी भाल्याकडे पाहिलं. त्रावणकोरबद्दल त्याच्याजवळ नक्कीच काहीतरी होतं, कारण ओठ हलत होते. पण बोट उगारल्याशिवाय त्याला इतिहास सांगता येत नाही आणि बोटं तर कंबर सांभाळत होती. संबंध प्रवासात इतकं निवांत दर्शन मला दुसरीकडे घडलं नाही.

बाहेर आल्यावर त्याने तो मुंडू परत न करता विकत घेतला.

"अरे, पुण्यात कुठे नेसणार आहेस?" मी विचारलं.

"प्रश्न नेसण्याचा नाही," भाल्या म्हणाला. "मोहिमेवर गेलेला मराठा रिकाम्या हाताने परतत नाही."

हात खरोखरच रिकामे नव्हते. पँट ठेवलेल्या खिडकीपर्यंत पोचायला अजून बराच रस्ता होता.