पसरणीच्या घाटातलं एक टक्का व्याज

कोथरूडच्या काकांना विजेची गाडी घ्यायची होती आणि घोडं दोन नावांपाशी अडलं होतं: टाटाची कर्व्ह की महिंद्राची बीई ६? पुतण्याकडे पहिली होती, जावयाकडे दुसरी. शोरूमवाल्यांच्या पाच किलोमीटरच्या चकरेत काय डोंबल कळणार, म्हणून काकांनी एका रविवारी दोघांनाही गाड्यांसकट बोलावलं आणि पाचगणी ठरवली. बरोबर काकू, पंच्याऐंशी वर्षांच्या आजी आणि एक दोनशे पानी वही.

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाची वही ती! कर्व्ह ऑगस्ट २०२४ मध्ये आली, किंमत १७.४९ लाखांपासून. बीई ६ त्याच वर्षी नोव्हेंबरात, १८.९० लाखांपासून, चार्जरचे पैसे वेगळे. "म्हणजे पंगतीला बोलवायचं आणि ताट घरून आणा म्हणायचं," असा शेरा समासात. शिवाय या गाडीचं नाव आधी बीई ६ई होतं. '६ई' आमचं म्हणत इंडिगोवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा शेवटचा ई गळाला. बारशानंतर नाव बदललेल्या मुलीची पत्रिका कुठल्या नावाने बघायची, हा काकांचा प्रश्न होता. जावई नुसता हसला. जावयांना तेवढंच करता येतं.

निघण्याआधीच पहिला पेच पडला. आजी बीई ६ च्या मागच्या दारापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांना कडीच सापडेना. ती वर, काचेच्या मागच्या कडेला दडवलेली असते. "दाराला कडी नाही, मग चोर कसा यायचा?" आजींनी निरागसपणे विचारलं. कर्व्हची कडीही पत्र्यात लपलेली, पण निदान कडीच्या जागी! आजी त्याच गाडीत बसल्या. छत मागे उतरत गेलेलं, त्यामुळे खेड-शिवापूर येईपर्यंत त्यांचा अंबाडा दोनदा सुटला.

काकू बीई ६ मध्ये पुढे बसल्या होत्या. या गाडीत चालकाची जागा विमानाच्या कॉकपिटसारखी केली आहे. डॅशबोर्डावरून निघालेली एक कमान चालकाला वेगळं काढते. दार आतून उघडायला हँडल नाही, कापडी पट्टी ओढायची. "मधे ही भिंत आणि उतरायला नाडी," काकू म्हणाल्या, "जावईबापू, ह्यांच्याशी भांडायचं कसं मी?" गाडीतल्या आवाजांना ए. आर. रहमान यांचा हात लागला आहे, हे जावयाने अभिमानाने सांगितलं. काकूंनी लगेच भावगीतं लावायला सांगितली.

सुरूर फाट्यावर चहाला थांबले तेव्हा बॉनेट उघडून सामानाची मोजणी झाली. कर्व्हच्या पुढच्या कप्प्यात ११.६ लिटर जागा, बीई ६ च्या ४५ लिटर. काकूंच्या हिशेबाने पहिल्यात चकलीचा डबा बसतो, दुसऱ्यात अख्खा फराळ. मागची डिकी मात्र कर्व्हची मोठी, ५०० लिटर, दुसरीची ४५५. शिवाय बंपरखाली पाय हलवला की ती आपोआप उघडते म्हणे. काकांनी पाच लाथा हवेत मारल्या. टपरीवरचं कुत्रं तेवढं पळालं.

खरी खडाखडी पल्ल्यावरून. मोठ्या बॅटरीची कर्व्ह ५५ युनिटांची, बाजारात आली तेव्हा कागदावर ५८५ किलोमीटर; मोठी बीई ६ ७९ युनिटांची, कागदावर ६८३. पण टाटावाले स्वतःच सांगतात, रोजच्या वापरात ४०० ते ४२५ धरा. विकणाऱ्यानेच पाण्याचं माप आधी सांगावं, असा गवळी काकांना उभ्या जन्मात भेटला नव्हता. त्यांनी त्या आकड्याभोवती तांबड्या पेनाने चौकट केली. जावयाने मग हुकुमाचं पान टाकलं: ताकदीचा चार्जर मिळाला तर वीस मिनिटांत वीसवरून ऐंशी टक्के. "वीस मिनिटांत माझा एक वडापाव होतो," पुतण्या म्हणाला, "चाळीस मिनिटांत दोन."

वाईपासून पसरणीचा घाट. पाचगणी वाईहून पावणेसहाशे मीटर उंच. दोन टनांचं धूड तेवढं वर उचलायचं म्हणजे नुसत्या चढाला तीन युनिटं, बाकीचा खर्च वेगळा. बीई ६ चा जोर मागच्या चाकांवर, २८६ अश्वशक्तीचा. वळणावर जावयाने जरा पाय दिला आणि काकूंनी गणपतीचं नाव घेतलं. कर्व्ह मुकाट्याने मागून आली.

परतताना काका कर्व्हमध्ये बसले. उतारावर पाय उचलला की मोटर उलटी राबते, वेग कमी करते आणि वीज बॅटरीत भरते. काकांची नजर पडद्यावरून हलेना. आजींची मान दर वळणाला पुढे झुकत होती. वाईच्या पुलापाशी आकडा एका टक्क्याने वाढलेला दिसला.

"अरे, व्याज!" काका ओरडले. "परत वर जाऊन येऊ या का?"

चढायला लागलेलं मुद्दल पुतण्याने समजावून सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं, वहीत टक्का लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. गाडी ठरली नाही. पुढच्या रविवारी महाबळेश्वर ठरलं. तिथून उतार जास्त लांब आहे.