आप्पांचं विमान

‘‘ब्रँडेड घेतलास?’’ असं आप्पा विचारतात तेव्हा उत्तर द्यायचं नसतं, मान खाली घालायची असते. त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर असेंबल केलेला, आणि त्यातला एकेक भाग त्यांनी लॅमिंग्टन रोडवरून पारखून आणलेला. डोंबिवलीहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, मग चार दुकानांत त्याच प्रोसेसरचा भाव विचारायचा आणि पाचव्या दुकानदाराला चौथ्याचा भाव शंभर रुपये कमी करून सांगायचा. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं. घासाघीस मात्र लॅमिंग्टन रोडवरच होते.

बँकेतून निवृत्त झाल्यावर आप्पा विमान चालवायला लागले. मायक्रोसॉफ्टचं २०२० सालचं फ्लाइट सिम्युलेटर. त्यासाठी रायझन ५ २६०० प्रोसेसर, आरएक्स ५८० ग्राफिक्स कार्ड आणि बाजूला काच असलेलं कॅबिनेट, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आतली निगुतीने बांधलेली वायरिंग दिसावी. रोज संध्याकाळी नागपूरहून उड्डाण आणि मुंबईला २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरणं. या धावपट्टीवर पूर्वेकडून यावं लागतं, म्हणजे घाटकोपरच्या डोक्यावरून. विदर्भ, मराठवाडा सगळं सुरळीत पार पडायचं. घाटकोपर आलं की कॉम्प्युटर बंद. निळा स्क्रीन नाही, इशारा नाही. खट्, आणि काळोख.

‘‘गेलं!’’ अशी हाक आली की काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, ‘‘कुठे पडलं?’’

‘‘घाटकोपर.’’

‘‘आजही?’’

दुसरा कुणी वैतागला असता. आप्पा खुलले. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्याकडे चौकशी आली होती. त्यांनी लांबलचक वही आखली : तारीख, वेळ, विमानाची उंची, प्रोसेसरचं तापमान, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘संशयास्पद’.

पहिला संशय उष्णतेवर. हीटसिंक उतरवून जुनी थर्मल पेस्ट पुसली, वाटाण्याएवढी नवी लावली. कॅबिनेटची काच काढून समोर टेबलफॅन लावला. आप्पांचे कागद उडाले, विमान घाटकोपरलाच पडलं. तापमान सत्तरच्या वर जात नव्हतं. तेवढ्याने प्रोसेसर काही जीव देत नाही, हे आप्पांनाही ठाऊक. मग रॅम. पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले, हा आपल्याकडचा रामबाण. रात्रभर मेमटेस्ट चालवली. एकही चूक निघाली नाही. आप्पांना किंचित वाईट वाटलेलं दिसलं. मग विंडोज नव्याने टाकलं, बायोस अपडेट केला. विंडोजच्या नोंदवहीत दर वेळी ‘कर्नल पॉवर ४१’ एवढीच नोंद. तिचा अर्थ, कॉम्प्युटर रीतसर बंद न होता बंद पडला. इसम मयत आहे, एवढंच लिहून हवालदाराने सही ठोकलेला पंचनामा! पण आप्पांनी त्याचीही प्रिंट काढून वहीला टाचली.

मग संशय कॅबिनेटबाहेर पडला. विमान खाली येत असताना मिक्सर लावायचा नाही, असं फर्मान निघालं. काकू खोबऱ्याचे तुकडे आणि मिरच्या भांड्यात घालून दारात उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, ‘‘उतरलात का? चटणी वाटायचीय.’’ त्यानंतर अर्थिंग. आप्पा मल्टिमीटर घेऊन जिन्याखालच्या मीटररूममध्ये गेले आणि सोसायटीच्या सभेत त्यांनी ‘इमारतीचे अर्थिंग : एक गंभीर प्रश्न’ हा विषय मांडला. गळक्या टाकीचा विषय पुढच्या सभेवर गेला.

या सगळ्यात एका वस्तूकडे मात्र आप्पांनी बोट दाखवू दिलं नाही : एसएमपीएस. भिंतीतल्या २३० व्होल्टचे बारा, पाच, तीन करून सगळ्यांना वाटणारा तो पत्र्याचा डबा. एवढ्या भारी ऐवजात तोच तेवढा फुकट आलेला होता, कॅबिनेटबरोबर. दुकानदार देत नव्हता. आप्पा पायऱ्या उतरले तेव्हा त्याने मागून हाक मारली. ही हकिकत आप्पा आजही हाताचे हावभाव करून सांगतात. मी एकदा भीत भीत म्हटलं, ‘‘आप्पा, एसएमपीएस तर नसेल?’’

‘‘टेस्ट केलाय,’’ आप्पा म्हणाले. आणि खरंच केला होता. चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडली, पंखा फिरला, मल्टिमीटरवर १२.१ व्होल्ट आले. निर्दोष मुक्तता! त्या डब्यावर त्या वेळी कसलाच भार नव्हता, हे त्यांना कोण सांगणार?

ते सांगायला ठाण्याहून भाचा आला. त्याचं गेमिंग कॅफे आहे, पोरं दिवसभर तिथे कॉम्प्युटर रगडत असतात. त्याने तो डबा बाहेर काढून उलटा केला. वर ठळक अक्षरांत ४५० वॅट. खाली मुंगीएवढ्या आकड्यांचा तक्ता, आणि त्यात बारा व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर.

‘‘मामा, बारा गुणिले अठरा?’’

‘‘दोनशे सोळा,’’ आप्पा क्षणात म्हणाले. शेवटी बँकेतला माणूस.

‘‘तुमचं कार्ड एकटं एकशे पंच्याऐंशी वॅट मागतं. प्रोसेसर पासष्ट. दोघंही बाराच्याच लायनीवर. शेतांवरून जाताना कार्ड निवांत असतं. मुंबई आली की एवढ्या बिल्डिंगी काढायच्या म्हणजे पूर्ण जोर लागतो. डबा हात वर करतो.’’

दोनशे पन्नास वजा दोनशे सोळा ही वजाबाकी आप्पांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली. ती त्यांनी बोलून दाखवली नाही. ‘‘पेपरक्लिप लावून बघितलंय मी,’’ एवढंच म्हणाले.

भाच्याने कॅफेतला साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस आणला होता, तो जोडला. संध्याकाळी नागपूरहून उड्डाण झालं. घाटकोपर आलं, घाटकोपर गेलं, चाकं धावपट्टीला टेकली. आत मिक्सर सुरू होता. आप्पांनी विमान हळूहळू वळवून टर्मिनलपाशी नेऊन लावलं आणि वही पुढे ओढली. त्याच आठवड्यात सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने मीटररूममधल्या दोन वायरी आवळल्या होत्या. आप्पांनी सुवाच्य अक्षरांत शेरा लिहिला : ‘अर्थिंग दुरुस्त झाल्यानंतर दोष दूर.’ खाली सही, तारीख.

भाचा काही बोलला नाही. नव्या एसएमपीएसचे पैसेही त्याने मागितले नाहीत, म्हणजे आप्पांच्या हिशेबात तोही फुकटच बसला.

परवा जिन्यात भेटले. माझी मुलगी अकरावीत गेल्याचं त्यांना कळलं होतं. ‘‘ब्रँडेडच्या नादाला लागू नकोस,’’ माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले. ‘‘रविवारी लॅमिंग्टन बंद असतो, शनिवारी जाऊ. आणि खर्चाची काळजी करू नकोस. एसएमपीएस माझ्याकडे आहे. टेस्ट केलेला.’’