शेवटचा मार महिषासुराला

जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नव्या मुंबईत येऊन गेले आणि आमच्या चिरंजीवांना तिकीट मिळालं नाही. तेव्हापासून घरात सुतक होतं. शेवटी २०२६च्या होळीनंतर मी जाहीर केलं, "तुला रात्रभर चालणारा लाइव्ह कार्यक्रम दाखवते. तिकीट नाही, फाटक नाही, हवं तेवढं पुढे बस."

"कुठे?"

"मोखाड्याला. मुखवट्यांच्या सोंगांचा बोहाडा बघायला."

मोखाडा म्हणजे माझं माहेर आणि चिरंजीवांच्या लेखी रेंज नसलेला प्रदेश. तरी निघाले.

लोकलने कसारा गाठलं. तिथून मोखाड्याच्या वाटेवरच्या खोडाळ्याची जीप. "भरली की सुटणार," ड्रायव्हर म्हणाला. भरणे म्हणजे काय, याबद्दल त्याचे आणि आमचे मतभेद होते. शेवटी एक आजी चिरंजीवांच्या मांडीवर आपली पिशवी आणि पिशवीवर आपला नातू ठेवून मोकळ्या झाल्या, तेव्हा जीप सुटली.

वाटेत विहीगावचा धबधबा दाखवला. मार्चमध्ये तो कोरडा ठणठणीत.

"पावसाळ्यात इथून पाणी पडतं."

"मग आत्ता मी काय बघतोय?"

"जागा."

पुढे डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांना वाट देत ड्रायव्हरने विचारलं, "ताई, मुंबईला पाण्याचं बरं आहे ना?" मुंबईला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच मुलखातलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळे जास्तच लागलं. "बरं आहे," मी म्हटलं आणि खिडकीबाहेरचा पळस बघत बसले.

संध्याकाळी माहेरी पोचल्यावर चिरंजीवांनी कार्यक्रमाची चौकशी सुरू केली.

"ओपनिंग कोण करतंय?"

"गणपती."

"आणि मेन?"

"जगदंबा. पण ती पहाटे."

"मध्ये?"

"शारदा, मारुती, राम-लक्ष्मण, त्राटिका, वेताळ, रावण..."

"लाइनअप भारी आहे," ते गंभीरपणे म्हणाले. माझ्या वडिलांनी, आबांनी, कौतुकाने मान हलवली. शब्द कळला नव्हता, पण नातू शारदेबद्दल काहीतरी चांगलं बोलला एवढं त्यांना पटलं.

रात्री गोणपाट टाकून आम्ही जागा धरली. परंपरा पुढच्या पिढीला सोपवायची तर चार शब्द बोलायला हवेत, म्हणून मी घसा खाकरला. "हे बघ बाळा, आपल्या जव्हार-मोखाड्यात..." तेवढ्यात संबळ कडाडला, पिपाणीने सूर धरला आणि टेंभ्यांच्या उजेडात गणपती नाचत आला. पुढे रात्रभर हेच. मी तोंड उघडलं की संबळ सुरू. संबळवाल्याला माझी भाषणं कुठून कळत होती, देव जाणे.

दोन सोंगांच्या मधल्या फटीत मात्र मी माहिती घुसवत राहिले. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे. आणि सोंगाचा मान घराण्याकडे असतो. आजा रावण, बाप रावण, म्हणून हाही रावण.

"ऑडिशन नाही?"

"नाही."

"म्हणजे रावण नेपो किड आहे!"

नेमका तेव्हाच नेपो किड दहा तोंडं सांभाळत समोर आला आणि पुढची रांग आमच्यासकट मागे सरकली. एवढ्या रुंदीचा मुखवटा डोक्यावर घेऊन ठेका न चुकवता नाचायचं, म्हणजे घराण्याचं नाव एकट्याने पुरत नसावं. हे चिरंजीवांनाही पटलं असावं, कारण त्यांनी नंतर तो विषय काढला नाही.

"पण तारपा कुठाय?" त्यांनी शाळेत वारली चित्र काढलं होतं, त्यात सगळे तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचत होते.

शेजारच्या आजी म्हणाल्या, "तारपा भात कापताना. आता सोंगांचे दिस." वाळवंड्याच्या भिकल्या धिंडांना तारप्यासाठी २०२६ची पद्मश्री जाहीर झाली, हे मी सांगायला लागले. संबळ वाजला.

मध्यरात्र उलटल्यावर चिरंजीव माझ्या शेजारी नव्हते. शोधलं, तर ते थेट संबळवाल्याच्या मागे उभे राहून दोन काटक्यांनी हवेत वाजवत होते. मी "झोप आली का?" विचारलं. त्यांनी माझ्याकडे, मी कार्यक्रमाच्या मध्येच फोन उचलल्यासारखं, पाहिलं.

पहाटे जगदंबा आली. महिषासुराने बराच वेळ झुंज दिली आणि रीतसर मेला. थोड्या वेळाने तो चहाच्या टपरीवर दिसला. मुखवटा मांडीवर, घाम निथळतोय, हातात बशी. चिरंजीव समोर जाऊन उभे राहिले.

"काका, तुम्ही तर मेलात ना?"

"मेलो की." त्याने चहाचा भुरका मारला. "पुढल्या साली परत मरायचंय. आमच्या घराण्याचा मान हाय तो. येशील ना बघायला?"