शेपूटकाढ्या

वाईच्या मधल्या आळीत राहणारा आमचा पुतण्या पोटासाठी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो. जीव मात्र पायथॉनला जोडायच्या एका एक्स्टेन्शनमध्ये. 'घरात', 'घराला', 'घरांपासून' काहीही द्या, त्यानं 'घर' असंच उत्तर द्यायचं. म्हणजे शोधणाऱ्याला एका शब्दात सगळं सापडतं. ज्या वाईत तर्कतीर्थांनी विश्वकोश उभा केला, तिथं शब्दांचं वेड नवं नाही. पण हे कोडगं वेड आहे.

"इंग्रजीवाल्यांचं बरंय, काका!" हे त्याचं पालुपद. "पोर्टरनं १९८० साली नियम लिहिले. शेपूट कापलं की काम झालं. आपल्याकडं शेपूट कापलं तरी धड वाकडंच!" 'पावसात'मधला 'त' काढला तर 'पावसा' उरतो, आणि त्या 'पावसा'चा 'पाऊस' करता करता आमच्या पोराचे दोन उन्हाळे गेले.

वहिनी विचारते, "भाताला मीठ लागलंय का रे?" हा घास हवेतच धरून म्हणतो, "'ला' काढला, 'भाता'चा 'भात' केला. आता आणखी 'त' नको काढायला!" आदल्या रात्री यंत्रानं तो काढून 'भा' उरवला होता. तेव्हापासून किराण्याच्या वहीत 'गूळ १ किलो'च्या खाली अपवाद लिहिलेत : हात, भात, वात, वरात.

देवनागरीचं एकेक चिन्ह संगणकाच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइटांचं. कापताना मोजणी चुकली की पडद्यावर नुसती प्रश्नचिन्हं. त्या दिवशी "एक बाइट गेला हो," असं तो इतक्या पडेल चेहऱ्यानं बोलला, की शेजारच्या मावशींनी वहिनीला हळूच विचारलं, "जवळचं होतं का कुणी?"

परवा आजीला कौतुकानं दाखवायला बसला. तिनं सांगितलं, "टाक, 'कृष्णेला'." उत्तर आलं 'कृष्ण'.

"मेल्या, माईचा बाप्या केलास की! 'कृष्णाला' म्हणजे देवाला, 'कृष्णेला' म्हणजे नदीला. मात्रा दिसत नाही का तुझ्या डबड्याला?"

रात्री दोनपर्यंत दिवा जळत होता. सकाळी घाटावर जाताना मला खालूनच हाक मारली, "काका, नदी सापडली!"

आजी ओसरीवर माळ ओढत होती. डोळे न उघडता म्हणाली, "आता 'ढोल्याला' टाक."

घोड्याला-घोडा हा नियम त्यानं मोठ्या हौसेनं बसवलेला. यंत्रानं क्षणात वाईच्या ढोल्या गणपतीचा 'ढोला' करून टाकला. त्यानं मुकाट्यानं किराण्याची वही उघडली.