माशांचा थाट

नेरुळच्या फ्लॅटमध्ये ६० लिटरच्या टाकीला फिल्टर निवडणं म्हणजे मुलीला स्थळ बघण्याइतकंच गंभीर काम. स्पंजचा फिल्टर पुरतो, पण दिसतो गरीब. म्हणून पाहुण्यांच्या डोळ्यांत भरेल असा कॅनिस्टर! तासाला टाकीच्या चौपट पाणी फिरलं पाहिजे, यावर घरात एकमत. मग रविवारी आजोबा त्यातला स्पंज नळाखाली खसाखसा धुतात. मोरबे धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंचा निकाल लावतं, मासे मरतात आणि शिव्या दुकानदाराला.

जवळच फ्लेमिंगोंचा डीपीएस तलाव. तिथला फिल्टर भरती-ओहोटीचा, वीजबिल शून्य. खाडीचं पाणी आत यायची वाट बुजली, २०२४ मध्ये फ्लेमिंगो मेले. पर्यावरणवाल्यांनी बोंब मारली. आम्ही तेव्हा ‘लेक व्ह्यू’ फ्लॅटचा दर विचारत होतो.