शिवी एक, स्पेलिंगं अकरा

गेल्या महिन्यात एका सोमवारी आमच्या हापिसातल्या सुरक्षा अधिकाऱ्यांनी सगळ्यांना मेल टाकला. विषय: ‘सुरक्षित राहा’. लिहिला रोमनमध्ये, कारण मराठी कीबोर्ड त्यांच्या लॅपटॉपवर नाही. तो मेल कुणालाच पोचला नाही. शनिवारी बसवलेल्या नव्या गाळणीनं तो दारातच धरला. ‘सुरक्षित’ रोमनमध्ये लिहा आणि शेवटची चार अक्षरं तेवढी बघा. इंग्रजी विष्ठा. मराठी माणसाला ती जन्मात दिसली नव्हती, यंत्राला पहिल्याच दिवशी दिसली. त्याच न्यायानं ‘अपेक्षित’, ‘आरक्षित’ आणि ‘प्रशिक्षित’ अडकले. आडनावात के-एस-एच लावणारे यच्चयावत दीक्षित अश्लील ठरले. एक्स लावणारे सुटले.

इंग्लंडातल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट सेवेवर खातंच उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात चार अक्षरी शिवी. संगणकवाले आजही या दुखण्याला त्या गावाचंच नाव देतात. दुखणं तेच आहे, फक्त आता त्याचं लायसन्स दरवर्षी रिन्यू करावं लागतं.

हे सगळं कंप्लायन्सपायी. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. त्यात दंडाची वरची मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे, हे आमच्या साहेबांनी एका सेमिनारात चहाच्या सुट्टीत ऐकलं. कायदा काय म्हणतो ते ऐकायला चहानंतर थांबले नाहीत. तडक हापिसात आले आणि म्हणाले, “पॉलिसी करा.”

व्हेंडरनं इंग्रजी शिव्यांची तयार यादी दिली होती. ऑडिटरनं शेरा मारला, स्थानिक भाषेचं काय? मग पाच जणांची समिती बसली. समिती कसली, सासरी पहिल्यांदा जेवायला बसलेले जावई! कुणालाही एकसुद्धा शिवी येत नव्हती. एचआरच्या मॅडमनी “ते सिग्नलला रिक्षावाले म्हणतात ना, ते” इथवर मजल मारली आणि पाणी प्यायल्या. शेवटी कोल्हापूरचे ड्रायव्हरमामा बोलावले. मामांनी दम न घेता वीसेक सांगितल्या, मग म्हणाले, “पर सायेब, ह्यातल्या निम्म्या काय शिव्या न्हाईत. दोस्ताला चा पाजताना बी आमी ह्येच म्हंतो.”

उरलेल्या निम्म्यांनी खरी पंचाईत केली. मराठी शिवी रोमनमध्ये लिहायची कशी? ‘ड’ला डी की आर? शेवटी ए एक की दोन? मधे एच घालायचा की वगळायचा? एका शिवीची अकरा स्पेलिंगं निघाली. लेखा विभागाचे प्रमुख एरवी समितीत डुलक्या काढतात. त्यांनी बाराव्या स्पेलिंगसाठी असा काही हट्ट धरला, की त्यांचं वसतिगृहातलं आयुष्य सगळ्यांना कळून चुकलं. त्यांचं स्पेलिंग बहुमतानं पडलं.

मुळात हापिसच्या मेलमध्ये शिवी देतो कोण? तिथं खून पडतो तो ‘प्लीज’नं. ‘माझ्या १२ तारखेच्या मेलमध्ये नमूद केल्याप्रमाणे’ म्हणजे काय, ते ज्याला असा मेल आलाय त्याला विचारा. ‘काइंडली’ म्हणजे अक्कल काढणं. ‘वन्स अगेन’ म्हणजे सात पिढ्यांचा उद्धार. आणि तेच वाक्य तसंच ठेवून सीसीत साहेबांना घातलं, तर समोरच्याला रात्रभर झोप नाही. यातलं एक अक्षरही गाळणीला टोचत नाही.

मेलमधल्या शिव्या बंद करायचा प्रयोग गोल्डमन सॅक्स या अमेरिकी बँकेनं २०१० मध्येच केला होता. त्या एप्रिलमध्ये अमेरिकी सिनेटच्या सुनावणीत सिनेटर कार्ल लेव्हिन यांनी बँकेच्या आतल्या एका मेलमधला अपशब्द पुन्हा पुन्हा वाचून दाखवला. योगायोग बघा, शब्द आमच्या ‘सुरक्षित’च्या शेपटीतलाच. त्यांचा सवाल असा, की ज्या सौद्याला तुमचीच माणसं हे म्हणतात, तो तुम्ही गिऱ्हाइकाला विकता कसा? जुलैपर्यंत बँकेनं बंदोबस्त केला. मेलमध्ये अपशब्द बंद.

आमच्याकडे आकड्यांचाही बंदोबस्त आहे. आधार बारा आकडी, म्हणून सलग बारा आकडे दिसले की मेल अडवायचा. आधारचा शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणितानं ठरतो. तेवढं ताडून पाहिलं तरी दहातले नऊ भलते क्रमांक बाजूला पडतील. पण तो पर्याय टिक करायचा राहिला. महावितरणचा ग्राहक क्रमांकही बारा आकडी! हापिसचं वीजबिल ‘वैयक्तिक गोपनीय माहिती’ म्हणून क्वारंटाइनमध्ये पडून राहिलं, मुदत उलटली, वर दंड बसला. त्याच आठवड्यात एचआरनं पन्नास जणांच्या आधार कार्डांचे फोटो एका बाहेरच्या एजंटाला पाठवले. आमच्या गाळणीला फोटोतलं वाचता येत नाही, तेव्हा ते सुखरूप पोचले.

मग कामं चालतात कशी? व्हॉट्सॲपवर. तीही आमची अक्कल नव्हे. कामाचं बोलणं परस्पर खासगी फोनवर चालवलं, नोंदी ठेवल्या नाहीत, म्हणून अमेरिकेच्या शेअर बाजाराच्या नियामकानं, एसईसीनं, सप्टेंबर २०२२ मध्ये वॉल स्ट्रीटच्या १६ संस्थांवर मिळून १.१ अब्ज डॉलरहून जास्त दंड लावला. आमच्या ग्रुपचे ॲडमिन खुद्द साहेब आहेत. रोज सकाळी गुलाबाचं फूल टाकतात, त्याखाली कोटेशनं.

परवा पॉलिसी मंजूर झाली. सगळ्यांना मेल करायची, तर परिशिष्ट ‘ब’मध्ये सगळ्या शिव्या, अकराच्या अकरा स्पेलिंगांसकट. गाळणीनं पॉलिसीच अडवली. शेवटी प्रती छापल्या, कपाटातून जुनी जावक वही काढली आणि शिपाई टेबलाटेबलावर सह्या घेत फिरला. एचआरच्या मॅडमनी परिशिष्ट उलटं ठेवून सही केली. लेखा विभागाच्या प्रमुखांनी चष्मा लावला, परिशिष्ट ‘ब’ सावकाश वाचलं, खिशातून लाल पेन काढून समासात बारावं स्पेलिंग लिहिलं आणि शेजारी छोटी सही ठोकली.